दिवाणाखालच्या ८२० प्रती

वाचकाचं पत्र

ताई, मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली नर्स. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, उपकेंद्रांवर ३३ वर्षं काढली. आता संगमनेरला राहते. त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या आणि गेल्या वर्षी शहरातल्या एका संस्थेकडून स्वखर्चाने पुस्तक काढलं. १७६ पानं, किंमत २५० रुपये, १,००० प्रती. त्यांच्या पॅकेजचे १,४५,००० रुपये माझ्या ग्रॅच्युइटीतून भरले. समारंभात १०० प्रती भेट गेल्या, ४५ विकल्या, ३५ संस्थेने वितरणासाठी ठेवून घेतल्या, त्यांचं पुढे काही कळलं नाही. उरलेल्या ८२० दिवाणाखाली आहेत. मिस्टर काही बोलत नाहीत. मुलगा म्हणतो, रद्दीत घाल आणि मोकळी हो. दुसऱ्या पुस्तकाचं हस्तलिखित तयार आहे, ते काढावं का?

आणि एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. पान ९४ वर एका बाईची आठवण आहे. मूल राहू नये म्हणून, घरात कोणाला न सांगता, तिने माझ्याकडून तांबी बसवून घेतली होती. मी नाव बदललं होतं, पण वाडीतल्या लोकांनी ओळखलं. तिचा फोन आला. म्हणाली, ‘बाई, ते मी तुमच्यापाशी ठेवलं होतं.’ त्या दिवसापासून मी पुस्तक उघडलेलं नाही. माझं कुठे चुकलं?

उत्तर

ताई,

पान ९४ चं तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करते, कारण ८२० प्रतींचं काय करायचं ते त्या एका पानावर अवलंबून आहे.

नाव बदललं की माणूस झाकला गेला, असं लिहिणाऱ्याला वाटतं. पुण्यामुंबईच्या वाचकापुरतं ते खरंही असतं. पण पंचवीस-तीस घरांच्या वाडीत ओळखायला नाव लागतच नाही. तुम्ही पत्रासोबत बारा पानांच्या झेरॉक्स पाठवल्यात, त्यात ते पानही आहे. विहिरीच्या वरचं घर, तीन मुलींवरचा मुलगा, हंगामात नारायणगावला टोमॅटोच्या कामाला जाणारा नवरा. एवढं वाचल्यावर वाडीतलं शाळकरी पोरही घर दाखवील. तुम्ही हे सगळं लिहिलंत ते तिच्याबद्दलच्या मायेने, हे ओळीओळीत कळतं. तिच्या धाडसाचं तुम्हाला कौतुक होतं. पण धाडस तिचं होतं, आणि ते कधी, कोणाला सांगायचं हे ठरवायचा हक्कही तिचाच होता. तिने फोनवर जे वाक्य उच्चारलं त्याच्यापुढे मला काही जोडता येत नाही.

मी माझंही सांगते. माझं पहिलं पुस्तक मी २००६ साली स्वतःच काढलं. मनमाडच्या रेल्वे कॉलनीतलं बालपण हा विषय. त्यात शेजारच्या काकांच्या दारूवर एक परिच्छेद होता, तोही मायेनेच लिहिलेला. त्यांची मुलगी माझी शाळेतली मैत्रीण. पुस्तक वाचून तिने एवढंच विचारलं, ‘छापायच्या आधी मला का नाही दाखवलंस?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीतून तो परिच्छेद मी काढला, पण आमच्यात पूर्वीसारखं बोलणं पुन्हा झालं नाही. तेव्हापासून जिवंत माणसाबद्दल लिहिलेलं प्रत्येक पान मी आधी त्या माणसापुढे ठेवते. काही जण हसून हो म्हणतात, काही जण एखादं वाक्य काढायला लावतात. दोनदा मला अख्खा लेख बाजूला ठेवावा लागला. ठेवला.

तुम्ही आधी तिला फोन करा. घरी जाऊ नका, तिथे सगळ्यांदेखत पुन्हा तोच विषय निघेल. तिला सोयीचं असेल तिथे भेटा, राजूरच्या बाजारात किंवा ती म्हणेल तिथे. चूक झाली म्हणा, आणि मग तिला बोलू द्या. पुस्तकाची प्रत नेऊ नका, साडीचोळीही नको. पुस्तक विकायची परवानगी मागायला आलात असं तिला क्षणभरही वाटता कामा नये. घरात तिला त्रास होत असेल तर काय मदत हवी ते विचारा. ३३ वर्षं बायकांचं ऐकून घेण्याचंच काम तुम्ही केलंय, तेव्हा हे तुम्हाला शिकवायला नको.

आता पुस्तकाचं. तिची आठवण ९३ व्या पानाच्या खालच्या भागात सुरू होते आणि ९४ वर संपते. ही दोन पानं एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत, हे नशीब समजा. उरलेल्या सगळ्या प्रतींतला तो एक कागद बदलता येतो. बाइंडर शिवणीजवळ बोटाच्या पेराएवढीही नाही अशी बारीक पट्टी ठेवून जुनं पान कापतो आणि नवं पान त्या पट्टीला चिकटवतो. मेहनतीचं, हळू होणारं काम आहे, पण जुन्या बाइंडरांना ते नीट येतं. तेवढ्याच लांबीचा दुसरा मजकूर तुम्ही लिहा, त्याच आकाराच्या कागदावर डिजिटल छपाई करून घ्या आणि आधी दहा प्रती करून बघा. कागदाची छटा जुळली पाहिजे, तुमच्या पुस्तकाचा कागद पिवळसर आहे. संगमनेरला बाइंडर नाही मिळाला तर पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास विचारा. यात काही हजार रुपये जातील. ते घाला. हे पान बदलल्याशिवाय एकही प्रत घराबाहेर जाऊ देऊ नका.

बाहेर गेलेल्या प्रती परत येणार नाहीत. पण त्या वाडीत आणि शेजारच्या गावांत ज्यांना तुम्ही स्वतः प्रत दिलीत त्यांच्याकडून ती मागून घ्या, बदललेली द्या. चार जण देतील, दोन देणार नाहीत.

हे मी इतकं लांबवलं, कारण स्वतः पुस्तक काढणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका इथे असतो. चांगल्या संपादकाने हस्तलिखित वाचताना या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं असतं: ही बाई आज कुठे आहे? तिला विचारलंय का? तुमच्या पॅकेजच्या हिशेबात ‘संपादन व मुद्रितशोधन : १२,०००’ अशी ओळ आहे. त्यात संपादन झालेलं मला तरी दिसलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ तपासणं हे मुद्रितशोधन. संपादक त्याच्या आधी येतो. कुठलं प्रकरण पुढे घ्यायचं, कुठे पाल्हाळ झालाय, तारीख आणि प्रसंग जुळतात का, आणि हे छापावं का, हे त्याने विचारायचं असतं.

आणि मुद्रितशोधन तरी? बारा पानांत मला चौदा ठिकाणी एकच चूक दिसली. भंडारदऱ्याचा ‘भंडारदर्या’ झालाय, पायऱ्यांच्या ‘पायर्या’, आजारी मुलाच्या येरझाऱ्यांच्या ‘येरझार्या’. तुम्ही मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप केलंत, डीटीपीवाल्याने ते जुन्या फाँटमध्ये फिरवलं आणि त्यात ‘ऱ्य’ मोडला. फाँट बदलला की जोडाक्षरं नव्याने बसतात, म्हणून त्यानंतर पूर्ण पुस्तक अक्षर लावून परत वाचावं लागतं. कागदावर, मोठ्याने, आणि लिहिणाऱ्याने एकट्याने नाही. लिहिणाऱ्याला काय असायला हवं ते पाठ असतं, त्यामुळे डोळा चुकीवरून घसरून पुढे जातो. माझ्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत वडिलांच्या नावातली वेलांटी चुकली होती. मी ते पान दहा वेळा तरी वाचलं असेल. वडिलांनी पुस्तक हातात घेतलं आणि पहिलं बोट तिथेच ठेवलं.

आता पैसे. तुम्ही पाठवलेला हिशेब असा: छपाई-बांधणी ८८,०००, संपादन १२,०००, मुखपृष्ठ १०,०००, आयएसबीएन ५,०००, प्रकाशन समारंभ ३०,०००. यातली आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाची, ओळ वाचून मला वाईट वाटलं. आपल्या देशात हा क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते आणि ती त्यासाठी पैसे घेत नाही. लेखकाला स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करता येतो. अर्ज भरून देण्याची मजुरी कोणी घेतली तर घेऊ दे, पण पावतीवर ‘आयएसबीएन शुल्क’ लिहिलेलं असेल तर ते शुल्क कोणाला भरलं हे जरूर विचारा. शिवाय तो क्रमांक संस्थेच्या नावावर आहे. पुढची आवृत्ती तुम्ही स्वतः काढलीत तर नवा क्रमांक घ्यावा लागेल. तो तुमच्या नावाने घ्या.

करारपत्र काढून दिव्याखाली बसा आणि कोणते हक्क, किती वर्षांसाठी दिलेत ते शोधा. लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट आपोआप लेखकाचा असतो, त्याची नोंदणी सक्तीची नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं काही दिसलं तर संगमनेरच्या एखाद्या वकिलाला कागद दाखवा. संस्थेला पत्र लिहून आतल्या मजकुराची आणि मुखपृष्ठाची ओपन फाइल मागा, म्हणजे जिच्यात बदल करता येतात ती, नुसती पीडीएफ नको. पैसे तुम्ही भरलेत. फाइल तुमच्याकडे नसेल तर एक वेलांटी बदलायलाही त्यांच्याच दारात जावं लागेल.

राहिल्या ३५ प्रती. विकल्या असतील तर पैसे, नसतील तर प्रती परत, असंही त्याच पत्रात लिहा, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. मी एका वितरकाला २०० प्रती नुसत्या ओळखीवर दिल्या होत्या. चलन, म्हणजे प्रती दिल्याचा कागद, केलं नाही, पोच घेतली नाही. त्यातला एक रुपया मला मिळाला नाही, आणि मिळावा म्हणून दाखवायला माझ्याकडे कागदही नव्हता. आता पाच प्रती दुकानात ठेवल्या तरी मी चलनावर सही घेते. दुकानदार रागावत नाहीत, त्यांना सवय असते.

१,००० हा आकडा कुठून आला, हेही सांगते. ऑफसेटवर प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च ३०० प्रतींना जेवढा तेवढाच हजारांना. म्हणून प्रती वाढल्या की एका प्रतीचा दर उतरतो आणि छापखान्यातला माणूस खरंच सांगतो, ‘बाई, हजार परवडतील.’ त्याच्या कागदावर ते परवडतातच. तुमच्या दिवाणाखाली परवडतात का, हा हिशेब त्याचा नव्हे. पहिल्या पुस्तकाला डिजिटलवर १५०-२०० प्रती काढाव्यात. दर प्रतीमागे जास्त पडतो, पण चूक सापडली तर ती दोनशेच घरांत जाते, आणि तीनेक महिन्यांत कळतं की मागणी आहे की नाही.

तुम्हाला एक प्रत १४५ रुपयांना पडली आणि किंमत २५० आहे. दुकानदार ४० टक्के कमिशन घेतो तेव्हा तुमच्या हातात १५० येतात, म्हणजे सुटतात ५ रुपये, तेही पार्सलच्या खर्चाआधी. वितरकाने निम्मं मागितलं तर उलट २० रुपये तुमचेच जातात. पॅकेज घेताना ही वजाबाकी तुम्हाला कोणी करून दाखवली नाही. म्हणून दुकानं आणि वितरक हा रस्ता तुमच्या पुस्तकाला बंद आहे असं समजून चाला. पण दुसऱ्या बाजूने बघा: ४५ प्रतींचे ११,२५० आले, १,३३,७५० उरले. हातोहात २०० रुपयांनी विकलीत तर साधारण ६७० प्रतींत मुद्दल निघतं, पान बदलायचा खर्च धरला तर थोड्या जास्त. घरात ८२० आहेत. दोन-तीन वर्षांत होण्यासारखं आहे, वाचक कोण ते नीट ओळखलं तर.

माझं पुस्तक दुकानांतून वर्षभरात साठ प्रती गेलं. मी हताश होऊन बसले होते. मग वडिलांच्या ओळखीचे एक निवृत्त गार्ड म्हणाले, पुढच्या आठवड्यात आमचा पेन्शनरांचा मेळावा आहे, येतेस का? मी एक पिशवी घेऊन गेले. पेन्शनच्या कागदांच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी उभ्याउभ्या पानं उघडली. ‘अरे, ही तर आपली लाइन!’ त्या दुपारी ७० प्रती गेल्या. मग भुसावळ, दौंड, कल्याण. जिथे रेल्वेचे क्वार्टर्स होते तिथे माझे वाचक होते, आणि मी वर्षभर त्यांना पुस्तकांच्या दुकानांत शोधत होते. ते लोक पुस्तकांच्या दुकानात कधी जातच नसत.

तुमचे वाचक कोण? कंदिलाच्या उजेडात बाळंतपण करणाऱ्या, व्हॅक्सीन कॅरिअर, म्हणजे लसींचा थंड डबा, खांद्याला लावून डोंगर चढणाऱ्या, पल्स पोलिओच्या रविवारी सणवार सोडून बूथवर बसणाऱ्या सगळ्या जणी. पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झाला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. या एकोणीस वर्षांत ज्या घरोघर फिरल्या त्यांच्याबद्दल त्यांच्यातल्याच एकीने लिहिलेलं मराठीत किती आहे? तुमचं १३ व्या पानावरचं वर्णन, पावसात ओढ्याला पूर आलेला, डबा डोक्यावर धरून तुम्ही आणि शिपाईमामा पलीकडे गेलात, बर्फाच्या पिशव्या वितळल्या नाहीत ना हे आधी बघितलंत आणि मग ओली साडी पिळलीत. ते मी दोनदा वाचलं. हे एखाद्या नर्सिंग शाळेतल्या मुलीने वाचायला हवं.

म्हणून वहीत यादी करा. तुमच्या बॅचच्या मैत्रिणी. ज्या आरोग्य केंद्रांत काम केलं तिथले डॉक्टर, आता कुठेही असोत. एएनएम आणि जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळा, अहिल्यानगर, नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतल्या. प्रत्येक प्राचार्यांना हाताने लिहिलेलं पत्र, सोबत ते तेरावं पान. पुस्तक घ्या म्हणू नका, मुलींशी बोलायला येते म्हणा. जाल तेव्हा पुस्तकं सोबत असू द्या आणि क्यूआर कोडचा कागद टेबलावर ठेवा. यंदाचा १२ मे, परिचारिका दिन, नुकताच गेला. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमांसाठी जानेवारीतच पत्रं गेली पाहिजेत. आशाताईंना मात्र १२० रुपयांनाच द्या. त्यांचा मोबदला किती असतो हे तुम्हाला माहीत आहे.

संक्रांतीच्या वाणाचाही विचार करा. आमच्या भागात हल्ली प्लास्टिकच्या डब्याऐवजी पुस्तक देणाऱ्या बायका भेटतात. दहा-पंधरा प्रती एकदम घेणारीला दर कमी करा. बाईने बायकांविषयी लिहिलेलं पुस्तक हळदीकुंकवाला शोभतं. अर्थात पान ९४ बदलल्यावर.

फुकट प्रतींचं धोरण आत्ताच ठरवून टाका. पुस्तकात ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना, त्या वाड्यांतल्या शाळांना, आणि खरोखर वाचून लिहिणाऱ्या चार-पाच जणांना भेट द्या. बाकी कोणाला नाही, नातेवाइकांनाही नाही. समारंभात ज्या १०० प्रती वाटल्या गेल्या त्यातल्या किती वाचल्या गेल्या? विकत घेतलेलं पुस्तक माणूस उघडून तरी बघतो. पहिल्यांदा ‘दोनशे रुपये’ म्हणताना जीभ जड होईल, तिसऱ्यांदा होणार नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, तीही काळजी सोडा.

टपालाने पाठवायचं तर टपाल खात्याची ज्ञान पोस्ट ही सेवा १ मे २०२५ पासून सुरू झाली आहे. सुरू झाली तेव्हा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे होते, कर वेगळा. तुमच्या पुस्तकाची प्रत पाकिटासकट ३०० ग्रॅमच्या आत बसावी, तरी पोस्टात जाऊन वजन करून घ्या आणि अटी विचारा. बाहेरून कोणी मागितलं तर पुस्तकाचे आणि टपालाचे पैसे आधी घ्या.

प्रतींची राखण हाही आताचाच विषय, जून तोंडावर आलाय. दिवाणाखालून आजच काढा. जमिनीला आणि भिंतीला चिकटलेलं खोकं ओल धरतं, आणि वाळवी तिथूनच चढते. माझ्या सव्वाशे प्रती एका पावसाळ्यात तशाच गेल्या. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर, खोक्यांत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, महिन्यातून एकदा उघडून बघणं. मुलाला म्हणावं, रद्दीचा विचार दोन वर्षांनी करू, आत्ता खोकी उचलायला हात लाव.

१९५४ च्या एका कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची एकेक प्रत ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. तुमच्या पुस्तकावर प्रकाशक म्हणून संस्थेचं नाव आहे, तेव्हा त्यांनी पाठवल्या का ते संस्थेला लिहायच्या त्याच पत्रात विचारा. पाठवल्या नसतील तर पान बदलून झाल्यावर तुम्हीच पाठवा. भंडारदऱ्याच्या डोंगरातल्या बाळंतपणांची नोंद कोलकात्याच्या कपाटात राहील, याचं मला फार अप्रूप वाटतं.

समारंभाच्या ३०,००० बद्दल मी काही म्हणणार नाही. शाल, श्रीफळ, भरलेला हॉल, मिस्टर पहिल्या रांगेत. तो दिवस तुमचा होता, ३३ वर्षांनी आला होता. फक्त पुढच्या वेळी पुस्तक जिथे घडलं तिथे कार्यक्रम करा. उपकेंद्राच्या ओट्यावर, दिवाळीनंतर, भातकापणी उरकल्यावर. चहा आणि लाडू पुरतील.

आता दुसऱ्या हस्तलिखिताचं. लगेच काढू नका. त्यातली दोन प्रकरणं वेगळी करून दिवाळी अंकांकडे पाठवा, जूनअखेरच्या आत. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या लिहिणाऱ्याला परक्या संपादकासमोर उभं राहायची ही जागा आपल्याकडे आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. नकार आला तरी तो तुमचा पहिला खरा अभिप्राय असेल. त्यानंतर तीन-चार प्रकाशकांना पत्र, सोबत एक पानाचा गोषवारा आणि दोन प्रकरणं. उत्तराला सहा महिने लागू शकतात. कुठेच जमलं नाही तर मग स्वतः काढा, पण तेव्हा संपादक तुम्ही निवडा, त्याचे पैसे त्याच्या हातात द्या, आणि छापायच्या आधी वर्गणीदार गोळा करा. श्री. व्यं. केतकरांनी १९१६ मध्ये ज्ञानकोशासाठी नागपुरात कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि त्या बळावर २३ खंड काढले. आपलं काम लहान आहे, रीत तीच. दोनशे जणींनी आगाऊ पैसे दिले तर दोनशेच छापायच्या.

तुमच्या ओळखीत कोणी पहिलं पुस्तक लिहीत असेल तर तिला सांगा की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिथे हस्तलिखित आधी तज्ज्ञ वाचतात. हे तुम्हाला वेळेवर कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला २००६ मध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

‘माझं कुठे चुकलं’ असं तुम्ही विचारलंत. लिहिण्यात चुकलं नाही, ती बारा पानं वाचून हे मी खात्रीने सांगते. छापखान्यात जायची घाई झाली, आणि ज्यांना आधी विचारायचं त्यांना विचारायचं राहिलं. त्यातलं पहिलं पैशाने आणि चिकाटीने भरून निघेल. दुसऱ्यासाठी तिला फोन करा, शक्यतो याच आठवड्यात.

ते झालं आणि बाइंडरकडून पहिल्या दहा प्रती आल्या की मला कळवा. मला तीन हव्यात, विकत. एक माझ्यासाठी, आणि माझ्या मावसबहिणीच्या दोन्ही मुली नर्सिंगला आहेत, त्यांच्यासाठी दोन. टपालाचा खर्च धरून किती होतात ते लिहा.

तुमची,
ताई